गमावण्याची भीती असेल तरच मजा?

प्रश्न : माझा मुलगा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ खेळतो. त्यात जहाज फुटलं की कायमचं गेलं म्हणे. महिन्याभराची मेहनत पणाला लावण्यात कसली मजा? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मजा तिथेच आहे. माल भरलेलं जहाज घेऊन मी पहिल्यांदा असुरक्षित भागातून निघालो, तेव्हा हातातला माऊस घामाने ओला झाला होता. पुढच्या ताऱ्याकडे नेणाऱ्या गेटपाशी दोन अनोळखी खेळाडूंची नावं दिसली आणि छाती इतकी धडधडायला लागली की बायकोची हाक ऐकूच आली नाही. जहाज गेलं. खेळातल्या विम्याचे थोडे पैसे मिळाले, उरलेला माल त्यांनी लुटला. तरी आजही तीच रात्र आठवते, सुखरूप पोचलेल्या फेऱ्या नाहीत. जानेवारी 2014 च्या एका लढाईत 75 अजस्र 'टायटन' जहाजं नष्ट झाली. ती परत येणार नव्हती, म्हणूनच खेळाडू अजून तिच्याबद्दल बोलतात.

पण धोका झेपेल एवढाच हवा. जे गमावणं परवडणार नाही ते जहाज उडवू नका, असं जुने खेळाडू नवख्यांना बजावतात. मुलाला तेवढं विचारा : जहाज कमावलेलं आहे की खरे पैसे मोजून घेतलेलं? पैसे मोजले असतील तर मात्र आधी हिशेबाला बसा.