पिकअपचं सस्पेंशन तीन-चार इंच उचललं तर पाणंदीत खाली घासायची थांबेल का?

तुम्ही लिहिलंय की गाव परभणीकडचं, गाडी पुढे-मागे पाट्यांची पिकअप, पावसाळ्यात वावरापर्यंत जाताना खाली घासते, आणि फिटर म्हणतोय मागे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे टाकू, पुढे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी, लांब करू, तीन-चार इंच उचलून देऊ. माल वाहायची गाडी असेल तर अजिबात टाकू नका. आमचं वडिलांपासून पाट्यांचं काम आहे, बीड जिल्ह्यात. हे काम घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो, ते का, तेवढं सांगतो.

आधी गाडीखाली झोपून बघा. नेमकं काय घासतंय? सायलेन्सर, स्टेपनी, पुढचा बंपर, की मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा? शंभरातल्या बहुतेक गाड्यांत गोळाच घासत असतो, कारण सगळ्यात खाली तोच असतो. आणि तो गोळा ॲक्सलवर आहे, ॲक्सल चाकांवर आहे. पाटे उचला, ठोकळे टाका, चेसिस आभाळाला लावा, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर, आणि तेही टायरची उंची जेवढी वाढेल त्याच्या निम्मं. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकला तर टायर ३० मिलिमीटरने उंच होतो, गोळ्याला मिळतात १५. एवढाच हिशेब आहे. तो तुम्हाला ठोकळे विकणारा सांगणार नाही.

माझ्या थोरल्या चुलतभावालाही मी हेच सांगितलं होतं. पिकअप आमच्या घरातलीच, सामायिक. केज आणि धारूरच्या मध्ये आमचं वावर, ओढ्याच्या पलीकडे, आणि तिथपर्यंत पाणंद सगळी काळ्या मातीची. भावाचं म्हणणं, गाडी उचल म्हणजे ओढा पार होईल. मी म्हणालो, त्याच पैशात मुरूम टाकू, शेजारच्या चार खातेदारांकडून वर्गणी घेऊ. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या बैलगाडीसाठी मी कामून मुरूम टाकू?" मी काम करायला नाही म्हणालो. घरचं दुकान सोडून तो दुसऱ्या फिटरकडे गेला आणि मागे तीन इंची ठोकळे, पुढे लांब शॅकल टाकून आला. दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला.

परतीचा पाऊस झाला आणि कापसाच्या दिवसांत संध्याकाळी फोन आला की गाडी रुतली. जाऊन बघतो तर चाकं दोन्ही चाकोऱ्यांत खोल गेलेली आणि गोळा मधल्या उंचवट्यावर बसलेला. चेसिसखाली एवढी मोकळी जागा की मी सरळ आत सरकलो. आणि त्या मोकळ्या जागेच्या मधोमध गोळ्यानं उंचवटा थापीनं ओढल्यासारखा गुळगुळीत कापत आणलेला, गाडीच्या मागे पार हातभर लांब खाच. ऑईल काढायच्या बोल्टभोवती हराळीच्या मुळ्या गुंडाळलेल्या. मागची चाकं फिरत होती, पण टायरच्या खाचा चिखलानं भरून सपाट झाल्या होत्या. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून साखळीनं ओढली. भाऊ आजही सांगतो की गाडी उचलली होती म्हणून त्या वर्षी कापूस निघाला. कापूस ट्रॅक्टरनं काढला, साखळी मी लावली होती.

काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, पाणी पिऊन फुगणारी. तिच्यात गाडी अडते ती उंचीमुळे नाही, टायर पकड सोडतो म्हणून. खाचा रुंद आणि खोल असलेला टायर, रिकाम्या गाडीत हवा थोडी कमी (डांबरीला लागल्यावर लगेच परत भरायची, भरलेल्या गाडीत तर कमी करायचीच नाही), आणि मध्ये थांबायचं नाही. उंचीचं खरं काम बालाघाटच्या दगडधोंड्यांत आहे, जिथं ओढ्याच्या काठावर नाक आपटतं किंवा चढ संपताना पोट टेकतं. तुमच्याकडं परभणीला ते दगड कुठले?

पण रुतण्यापेक्षा पुढची गोष्ट मोठी आहे. तोच कापूस भरून आम्ही धारूरच्या घाटातून माजलगावच्या बाजूला जिनिंगला निघालो, मी शेजारी बसलो होतो. कापूस वजनाला हलका पण हौद्याच्या वर पुरुषभर जातो. वळणावर गाडी आधीच बाहेर झुकत होती, कारण उचललेल्या गाडीचा सगळा बोजा तेवढा वर गेलेला. घाट निम्मा उतरतोय तोवर पुढच्या चाकांना जळका वास आणि पेडल मऊ. बाजूला घेतली, चाकांखाली दगड लावले, खाली वाकून बघितलं. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलवरून चेसिसवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला एक काडी गेलेली असते. माल भरला की चेसिस खाली बसते, काडी व्हॉल्व्हला हलवते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. ठोकळे टाकल्यावर चेसिस वरच राहिली, व्हॉल्व्हला वाटलं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक निम्म्या ताकदीनं चालले. सगळा घाट पुढच्या चाकांनी पेलला. फिटरनं त्या काडीला हातसुद्धा लावला नव्हता. पुढे पहिल्या गिअरमध्ये खाली आलो.

घाट उतरल्यावर भाऊ म्हणाला, "ब्रेक लायनर घासले असतील." तो आजपर्यंत त्यावर ठाम आहे. ज्याच्या घरात गाडी उचललेली आहे त्यानं आज संध्याकाळी ती काडी बघावी. काडीचा ब्रॅकेट उंचीप्रमाणे बदललेला नसेल तर भरलेली गाडी घाटात नेऊ नये.

बाकीचं भराभर सांगतो. ठोकळा कोणी टाकलाच तर फक्त मागे, तोही एकच. ठोकळ्यावर ठोकळा रचलेला दिसला तर त्या दुकानातून गाडी बाहेर काढा. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीच नाही. ठोकळ्यानं पाट्यावरचा पिळ वाढतो, मग चढावर जोर लावला की पाटे एस आकारात वाकतात, सेंटर बोल्ट तुटतो. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उचलते, हेही फिटर सांगत नाहीत. आणि पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असेल तर ती लांब केल्यावर ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा मागचा कल) कमी होतो, मग साठच्या पुढे स्टिअरिंग भरकटायला लागतं. भावाची गाडी भरकटायची तेव्हा तो टायरला दोष द्यायचा. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला की थरथर येते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. शॉकअप आणि ब्रेकचे होज तेवढे लांब लागतात. जुनेच ठेवले तर चाक खाली लोंबलं की होज ताणून बसतो.

आता, प्रत्येक उंच केलेली गाडी वाईट असं माझं म्हणणं नाही. फोर बाय फोर आहे, माल वाहत नाही, दगडात जायची हौस आहे, तर कंपनीचे मापाचे पाटे आणि त्यांच्याच जोडीचे शॉकअप घेऊन दीड-दोन इंच करा, त्याच्यावर जाऊ नका. आणि तुमचे पाटे बसलेले असतील, म्हणजे रिकामी गाडीसुद्धा बंप रबरला टेकायला आली असेल, तर ते उचलणं नाहीच, ती दुरुस्ती आहे. नवे पाटे टाका, गेलेली उंची परत येईल. जुनाच पाटा गॅसच्या ज्योतीवर लाल करून वाकवून देणाऱ्याकडे जाऊ नका. पाट्याचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पहिल्याच हंगामात तो परत बसतो किंवा तुटतो. सायलेन्सर किंवा स्टेपनी घासत असेल तर त्यांची जागा बदला, पाट्यांना हात लावू नका. खर्चाचं विचारलंत, ते गाडीचं मॉडेल आणि पाट्यांची संख्या कळल्याशिवाय सांगणं चुकीचं होईल.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. तुमची माल वाहतुकीची गाडी, पासिंगला जावंच लागणार. अपघात झाला तर विमावाल्याला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

आणि ज्या पैशात गाडी उचलणार आहात त्यात रस्ता होतो का ते आधी बघा. आमच्याकडे भावानं वर्गणी दिली नाही, तरी बाकीच्या खातेदारांनी ओढ्यात सिमेंटच्या नळ्या टाकल्या, वर डब्बर आणि मुरूम दाबला. आता त्याच ओढ्यातून कंपनीच्या उंचीची साधी पिकअप भरून जाते, भावाचीही जाते. ठोकळे काढले त्यानं, कोणाला न सांगता. तुमच्या पाणंदीत कोणी बांध घातला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वावराला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागता येतो. अर्जाला सातबारा, शेजारच्या खातेदारांची नावं-पत्ते आणि भूमी अभिलेखमधला गटाचा नकाशा जोडा, आणि भाऊबंदांपैकी जो नाही म्हणतोय त्याचंही नाव त्यात घाला.