आजोबा देव मानत नाहीत, तरी

प्रिय ईरा,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तू विचारलंयस, आजोबा देव मानत नाहीत, तर पालखी पुण्यात मुक्कामाला आली तेव्हा ते वारकऱ्यांचे पाय धुवायला का बसले? हा खोटेपणा नाही का? आणि शेवटी लिहिलंयस, ‘आई, तू घरी रोज दिवा लावतेस, पण तुझा देवावर विश्वास आहे की नाही, हे मला कधीच सांगितलं नाहीस.’ फोनवर हे बोलणं धड होणार नाही, म्हणून लिहितेय. तिकडे आजीचा टीव्ही चालू असतो आणि इकडे माझी ऑफिसला जायची घाई.

आधी आजोबांचं. त्यांच्या लहानपणी घरात सोवळं-ओवळं फार कडक होतं. पुढे ते फर्ग्युसनला शिकायला आले आणि तिथे त्यांनी आगरकर वाचले. गोपाळ गणेश आगरकर याच कॉलेजचे प्राचार्य होते. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढलं. बालविवाह, विधवांचं केशवपन, धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या असल्या कितीतरी गोष्टींवर ते सडकून लिहीत. पुण्यातले सनातनी इतके चिडले की त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर 1895 मध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे त्यांचं वाक्य आजोबांच्या तोंडून तू ऐकलं असशील. आजोबा ते नुसतं म्हणत नाहीत, तसे वागतात.

तू नीट आठवून बघ. निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांच्या पादुकांच्या दर्शनाला जी रांग लागली होती, तिच्यात आजी होती. आजोबा नव्हते. ते घरी पाणी तापवत होते. आपल्याकडे उतरलेल्या दिंडीतल्या बायकांच्या अंघोळीची सोय, पुरुषांसाठी गच्चीवर ताडपत्री, रात्री पिठलं-भाकरी, सकाळी पोहे, हे सगळं दरवर्षी त्यांच्याकडे असतं. घरात सत्यनारायण झाला तर ते पाटावर बसत नाहीत, पण आलेल्या पाहुण्यांना वाढायला कंबर बांधून उभे असतात. आरतीला उभे राहतात, हात जोडत नाहीत. आजीला हे लग्नाआधीच सांगितलेलं होतं.

आणि पाय धुण्याचं म्हणशील, तर मी तुझ्याएवढी असताना त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, ‘अगं, पायाला फोड आलाय, तो धुवायला नको का?’ देहूहून निघून पुण्यात पोचेपर्यंतच कितीतरी जणांच्या टाचा उललेल्या असतात आणि पुढे पंढरपूर गाठायचं असतं. आजोबा टबात कोमट पाणी घेतात, मीठ टाकतात, पाय त्यात बुडवायला सांगतात. मग पंचाने बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करतात, फोडाला मलम लावतात, वर पट्टी. वारकरी त्यांना ‘माउली’ म्हणतात, तेही त्यांना ‘माउली’च म्हणतात. त्या बाईला वाटतं, आपल्यात विठ्ठल पाहून हा माणूस पाय धुतोय. आजोबांना वाटतं, सत्तरीतली बाई एवढं चालत आलीय, तिला पुढचं चालणं जरा सोपं जावं. दोघांच्या मनातलं वेगळं आहे आणि पाय मात्र नीट धुतला जातोय. यात मला खोटेपणा दिसत नाही. आजोबांनी तिला दाखवण्यासाठी कपाळाला बुक्का लावला असता, तर दिसला असता.

आजीचं जरा सविस्तर सांगते, कारण तू तिला ‘पक्की भाविक’ म्हणून मोकळी झालीस. आजी देवाशी बोलते हे तू ऐकतेसच. पण ती त्याच्याशी भांडतेही, आणि ते भांडण लुटुपुटूचं नसतं. मी कॉलेजात असताना तिची धाकटी बहीण गेली. मावशीला दोन लहान मुलं होती. आजारपण लांबलं, आजीने जे जे करता येतं ते सगळं केलं, उपास केले, पायी आळंदी केली. मावशी गेल्यावर तेराव्याहून परत आली आणि देवघराकडे फिरकली नाही. रडली नाही, बोलली नाही. संध्याकाळ झाली की दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसायची आणि देवघर अंधारात.

दोन-तीन दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी आजोबा उठले आणि त्यांनी समई लावली. ईरा, त्यांनी त्याआधी आयुष्यात कधी लावलेली नव्हती. कापसाची वात कशी वळतात हेही त्यांना येत नव्हतं. जाडजूड वात करून ती तेलात अर्धवट भिजवली, तिची ज्योत भगभगली, धूर झाला, भिंतीवर काळा डाग पडला. त्यांनी हात जोडले नाहीत. दिवा लावून ते नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तो सगळा महिना दिवा तेच लावत होते. मी विचारलं, बाबा, तुम्ही कशाला? ते म्हणाले, ‘ती रुसलीय, तिचा हक्क आहे. पण परत यावंसं वाटलं तर तिला तिथे धूळ दिसायला नको.’

एके दिवशी आजी आली, समईवर धरलेली काजळी झाडली, वात थोडी मागे ओढली आणि म्हणाली, ‘एवढी पुढे काढायची नसते.’ दुसऱ्या दिवसापासून दिवा ती लावायला लागली. विठोबाला तिने माफ केलं का, हे मला आजही माहीत नाही. तिला विचारायला हरकत नाही, तू नात आहेस, तुला सांगेल.

हे मी तुला मुद्दाम सांगतेय. तुझ्या मनात भाविक म्हणजे ज्याला शंका येत नाही तो, आणि नास्तिक म्हणजे ज्याला देवघराशी काही देणंघेणं नाही तो, अशी विभागणी दिसते. आपल्याकडे ती कधीच इतकी सरळ नव्हती. ज्या तुकोबांची पालखी तू पाहिलीस त्यांचंच बघ. साधारण 1630 चा दुष्काळ, त्यात धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. याच तुकोबांच्या गाथेत ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल’ असाही एक अभंग आहे. म्हणजे माझ्यापुरता देव मेला, ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो. इतकं उघड बोलणाऱ्या माणसाला आपण संत म्हणतो, आणि त्याच्या पादुका दरवर्षी फर्ग्युसन रस्त्याने वाजतगाजत नेतो. आणि त्याच तुकोबांनी देहूतलं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. हे दोन्ही एकाच माणसाने केलं. ते लक्षात ठेव.

आता माझं. तू स्पष्ट विचारलंस, मीही स्पष्ट सांगते. मला देव आहे असं खात्रीने वाटत नाही. नाही असंही खात्रीने वाटत नाही, आणि ही मधली जागा मला सोयीची म्हणून मी निवडलेली नाही. तू जन्मलीस ती वेळेच्या खूप आधी. काचेच्या पेटीत होतीस, हातात घेता येत नव्हतं. आजी पुण्याहून फोनवर रामरक्षा म्हणायची आणि मी फोन पेटीजवळ धरायचे. तू वाचलीस. सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. पण तुझ्या शेजारच्या पेटीतलं बाळ गेलं, ईरा. त्याची आईही काहीतरी म्हणतच होती, तिच्या भाषेत, तिच्या देवाला. तेव्हापासून ‘देवाने तुला वाचवलं’ हे वाक्य मला उच्चारता येत नाही. एकाला ठेवणारा आणि दुसऱ्याला नेणारा देव असेल, तर त्याच्यापुढे मला दिवा लावायचा नाही.

मग रोज लावते तो कशासाठी? दिवस मावळला की घरात एक मिनिट कुणी काही मागू नये, फोन वाजू नये, आणि आपल्याला जे मिळालं त्याची जाणीव राहावी, यासाठी. रामरक्षा म्हटली की मन ठिकाणावर येतं. आजीचा आवाज आठवतो, तुझी ती पेटी आठवते. याला श्रद्धा म्हणायचं का सवय, हे कुणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. कधीकधी मात्र, अगदी क्वचित, असं वाटतं की आपलं कुणीतरी ऐकतंय. ते तुझ्यापासून लपवावं असं मला वाटत नाही.

एक उत्तर मी तुला कधीच देणार नाही, ‘असं करायचं असतं’. आपल्याकडे मुलांच्या प्रश्नांवर हे झाकण सर्रास ठेवलं जातं. मला ते मुळीच आवडत नाही. ज्या विठ्ठलाच्या नावाने आपण माउली माउली म्हणतो, त्याच्या पंढरपूरच्या देवळात दलितांना शिरायची मुभा नव्हती. तेही शतकानुशतकं ‘असं करायचं असतं’ म्हणूनच चाललं होतं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा तो दरवाजा उघडला. आजीच्या जन्माच्या जेमतेम पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट आहे ही. साने गुरुजी देव मानणारे होते. देवावरच्या प्रेमापोटीच त्यांनी देवळाला जाब विचारला.

आणि 20 ऑगस्टला आजोबा सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर जातात, तेव्हा तू पुण्यात असलीस तर त्यांच्याबरोबर जा. 2013 साली तिथे डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना गोळ्या घातल्या. ते देवळं बंद करा म्हणत नव्हते. देवाच्या नावावर लोकांना लुबाडणारे, भूत उतरवतो म्हणून बाईला मारहाण करणारे, नरबळी देणारे यांच्याविरुद्ध कायदा करा, एवढंच ते वर्षानुवर्षं मागत होते. ते गेल्यावर त्याच वर्षी तो कायदा झाला. त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक, देवावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस, आणि त्यांनी उभं आयुष्य अस्पृश्यता घालवण्यासाठी दिलं. आपल्या घराजवळचा नाना पेठेतला अहिल्याश्रम त्यांच्याच कामातून उभा राहिला. एक देव मानणारा, एक न मानणारा. मला कुणी विचारलं की तू कोणत्या बाजूची, तर मी या दोघांच्या बाजूची आहे, आणि तिथे मला देव आहे की नाही याचा निकाल लावायची घाई वाटत नाही.

म्हणून तुझ्यासाठी माझी अट एकच. जिथे प्रश्न विचारल्याने कुणावरचा अन्याय थांबणार असेल, तिथे आजीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही. तुझ्या त्या काकांनी परवा विटाळावरून जे ऐकवलं, त्यावर तू देवघरात जाऊन बसलीस ते मला योग्य वाटलं. आजीनेही तुला उठवलं नाही, हे तू पाहिलंस ना?

बाकी तुला आरती म्हणावीशी वाटली तर म्हण, नाही वाटली तर नुसती उभी राहा. तीर्थ नको असेल तर ‘नको’ म्हण, हातावर घेऊन मागच्या मागे ओतून देऊ नकोस. तुझा विश्वास नाही हे आजीला सांगायची तुला भीती वाटते, असं तू लिहिलंस. सांग तिला. फक्त ऐन पूजेत नको, दुपारी चहा होतो तेव्हा बस तिच्याजवळ. तिने पन्नास वर्षं आजोबांबरोबर संसार केलाय, ती हे ऐकून घाबरणारी नाही. आणि उद्या तुझं मत बदललं, तर तेही आजोबांना सांगायला लाजू नकोस.

तू प्रश्न पुष्कळ विचारलेस, पण एक गोष्ट लिहायची राहिली. त्या रात्री हॉलमध्ये दिंडीतल्या बायका हरिपाठ म्हणत होत्या आणि तू त्यांच्यात बसली होतीस, असं आजोबांनी सांगितलं. तुला कुणी बसवलं नव्हतं, तू आपणहून गेलीस. तेव्हा तुला काय वाटलं? काहीच वाटलं नसेल तर तसं लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझी,
आई