आधी एकदा जाऊन ये, आणि बाबांना सोबत ने

तुझा प्रश्न दोनदा वाचला. दारव्हा तालुक्यातलं गाव, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीला नंबर लागलाय, तास सुरू व्हायला अजून अवकाश आहे. एकदा कॅम्पस पाहून यावं असं तुला वाटतं. बाबा म्हणतात, डवरणी-निंदणाच्या दिवसांत एक दिवस कशाला मोडायचा, पुढे चार वर्षं तिथेच तर राहायचंय. आणि तू शेवटी हळूच लिहिलंयस की बाबा सोबत आले तर त्यांना तिथे अवघडल्यासारखं होईल का.

पोरी, जा. आणि बाबांना घेऊनच जा.

मी 1996 साली याच कॅम्पसवर पहिल्यांदा पाऊल ठेवलं. आता सहायक कृषी अधिकारी आहे (आधी या पदाला कृषी सहायक म्हणत), आणि जवळजवळ दरवर्षी आमच्या भागातल्या एखाद्या पोरासोबत किंवा पोरीसोबत अकोल्याला जाते. हुशारी कमी पडून परत आलेलं लेकरू मी क्वचितच पाहिलं. पहिल्या महिन्यात घरी निघून येतात ती नवखेपणाने घाबरून. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कोणाला काय म्हणायचं, रात्री पोट दुखलं तर कोणाला उठवायचं, हे ठाऊक नसतं म्हणून. ही भीती एका दिवसाच्या चकरेने निम्मी होते.

माझ्या वेळचं सांगते. माझे बाबा धोतर-टोपीत आले होते. ऑफिसच्या व्हरांड्यात ते भिंतीला लागून उभे राहिले, बाकावर बसायला तयार होईनात. मला विचारत, ‘आपण इथं बसलो तं चालते का वं?’ काम व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि चालत चालत प्रक्षेत्राकडे, म्हणजे विद्यापीठाच्या शेताकडे गेलो. तिथे पराटीचे, म्हणजे कपाशीचे प्लॉट होते, प्रत्येकासमोर पाटी. एका पाटीवर मी वाचलं, पीकेव्ही हायब्रीड-2. बाबा थांबले. वाकून बोंड हातात घेतलं, पान उलटून मावा बघितला, आणि म्हणाले, ‘हे तं आपलंच बियानं व्हय.’ आमच्या वावरात कितीतरी वर्षं तेच होतं. ते इथे तयार झालं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. परत आल्यावर ते बाकावर बसले. बाबूंना म्हणाले, साहेब, पोरीचं नाव कधी येईल ते सांगा, आम्ही थांबतो.

म्हणून म्हणते, तुझ्या बाबांना तिथे परकं वाटेल ही काळजी सोड. ज्या माणसाला माती आणि पीक कळतं त्याला त्या कॅम्पसवर बघायला पुष्कळ आहे. आणि हेही त्यांना सांग. हे विद्यापीठ विदर्भात, अकोल्याला यावं म्हणून 1967 साली लोक रस्त्यावर उतरले होते, त्यात जीवही गेले. त्यानंतर 20 ऑक्टोबर 1969 ला ते उभं राहिलं. ज्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव त्याला आहे ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याचेच पोर. तिथे आपण पाहुणे नाही.

आता जायचं कसं. शनिवार-रविवार किंवा सणावाराला जाऊ नकोस, ऑफिस बंद असलं की फक्त झाडं पाहून परत येशील. कामाचा दिवस धर, सकाळची पहिली गाडी पकड. दारव्ह्याहून कारंजा, मूर्तिजापूर, मग अकोला, असा रस्ता आहे. थेट गाडी नसली तर मूर्तिजापूरला बदलायची. तुला एसटीत अर्धं तिकीट लागेल, आई आली तर तिलाही, हे बाबांच्या हिशेबात नक्की घाल. अकोल्याला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते चौकशी खिडकीवर विचारून घे. फलकावरच्या वेळेवर विसंबू नकोस.

आई येऊ शकली तर फार बरं. मुलींच्या वसतिगृहात बाबांना आत सोडणार नाहीत, ते फाटकाशी बसतील आणि मनात शंका घेऊन परततील. आईने खोली पाहिली की घरी गेल्यावर तीच बाबांना समजावते. खोलीचा रंग बघू नका. पाणी किती वाजता येतं ते विचारा. न्हाणीच्या दाराची कडी लागते का ते स्वतः लावून बघा. रात्री फाटक किती वाजता बंद होतं, आजारी पडलं तर रेक्टर मॅडम कुठे राहतात, मेसचे पैसे महिन्याचे की सत्राचे, आणि घरी गेलेल्या दिवसांचे कापतात का. हे सगळं तिथे राहणाऱ्या दोघी-तिघी मुलींना विचार, वेगवेगळ्या वेळी. एकीचं ऐकून मत बनवू नकोस.

मग वसतिगृहापासून कॉलेजच्या वर्गापर्यंत पायी चाल. ऑटोने नाही. कॅम्पस मोठा आहे, आणि अकोल्याचं ऊन तुला ठाऊकच आहे. एकदा चाललीस की किती वाजता निघायचं, सायकल लागेल का, संध्याकाळी कोणत्या रस्त्यावर दिवे नाहीत, हे पायांनाच कळतं. माझी जुनी सायकल मी दुसऱ्याच आठवड्यात घरून मागवली होती, गाडीच्या टपावर टाकून.

कागदपत्रांचं थोडं लिहिते, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. शाळा सोडल्याचा दाखला मी झेरॉक्स न काढता मूळ प्रत देऊन मोकळी झाले. पुढे जात पडताळणीला तोच लागला आणि माझे कितीतरी हेलपाटे झाले. तू निघण्याआधी प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स काढ: दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. 7/12 चे जादा गुण घेतले असतील तर तो उतारा. मोबाइलमध्ये फोटोही असू दे.

पैशांचं बाबांशी मोकळं बोल. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्यात कृषीचे अभ्यासक्रमही येतात. पण वसतिगृह आणि मेस त्यात नाही, तो खर्च वेगळा धरा. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. तुझं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते गावातच बँकेत बघून घे. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत, त्यात बसत असशील तर शिष्यवृत्तीच्या टेबलावर त्याच दिवशी विचार.

रॅगिंगबद्दल आईच्या मनात असतंच, म्हणून लिहून ठेवते. प्रवेशाच्या वेळी तुझ्याकडून आणि पालकांकडून दोघांकडून हमीपत्र घेतात. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. देशभरासाठीचा मदतीचा नंबर 1800-180-5522, चोवीस तास चालू असतो. आईच्या मोबाइलमध्येही टाकून दे. माझा अनुभव सांगायचा तर, सीनियर मुलींनीच मला पहिली वही दिली, प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड कसं लिहायचं ते शिकवलं. वऱ्हाडी बोलायला लाजू नकोस. तिथे अर्धं कॉलेज तसंच बोलतं, आणि चौथ्या वर्षी रावेसाठी, म्हणजे शेतकऱ्यांसोबत राहून काम शिकायला, गावात जाशील तेव्हा शेतकरी तुझ्याच बोलीत मन मोकळं करतील.

काम दुपारी आटोपलं तर लगेच स्टँडकडे पळू नका. बाबांना प्रक्षेत्राकडे घेऊन जा, रस्त्याच्या कडेने तुरीचे, सोयाबीनचे प्लॉट दिसतील. आधी कुणाला तरी विचारून घ्या, मग धुऱ्यावर उभं राहून पाट्या तू मोठ्याने वाच आणि बाबांना सांगू दे कोणतं पीक कसं उभं आहे ते.