वाचक विचारतात: लेव्हल कधी द्यायची?

प्रश्न: आम्ही डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून डाइस टाकत कथा रचायचा गेम) पाचवी एडिशन खेळतो, 2014 ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे कथा चालवणारा, आणि चार प्लेअर. आठ सेशन झाले तरी सगळे लेव्हल 3 लाच आहेत. मी एक्सपी (अनुभवाचे पॉइंट, ठरावीक साठले की कॅरेक्टरची लेव्हल वाढते) काटेकोर मोजतो, फक्त मारलेल्या मॉन्स्टरचा. आता दोघांची कुरकुर सुरू आहे की किती स्लो, आणि सगळेच आजकाल समोर दिसेल त्याला मारत सुटतात, बोलणी वगैरे कोणी करतच नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: बोलणी कोणी का करत नाही याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे की हो. मारलं की एक्सपी, बोललं की शून्य, मग प्लेअर मारणारच ना, त्यात त्यांचा काय दोष. तुम्ही ज्याचे पॉइंट देता तोच गेम टेबलावर होतो. अगदी जुन्या डी अँड डीत खजिन्यातल्या सोन्याच्या एका नाण्याला 1 एक्सपी मिळायचा आणि मॉन्स्टर मारून त्यामानाने किरकोळच, त्यामुळे लोक ड्रॅगन झोपलेला असताना पेटी उचलून पळायचे. लढाई म्हणजे प्लॅन फसल्याची खूण. तेच प्लेअर, तेच डाइस, पण वागणं एकदम वेगळं.

आता स्लो आहे का, तर हो, आहे. एक हिशोब करून बघा. लेव्हल 2 ला प्रत्येकी 300 एक्सपी लागतात, चौघांचे 1,200. एक गॉब्लिन, म्हणजे अगदी छोटा मॉन्स्टर, 50 चा, म्हणजे 24 गॉब्लिन, ठीक आहे, दोन संध्याकाळी उरकतील. पण 5 वरून 6 ला जायला प्रत्येकी 7,500, म्हणजे चौघांना मिळून 600 गॉब्लिन! अर्थात तोवर मॉन्स्टरही मोठे येतात आणि एक्सपीही जास्त देतात, पण तुमच्या कथेत भांडणं कमी आणि प्रवास, चौकशी, राजदरबार जास्त असेल तर नुसत्या मारामारीवर गाडी पुढे सरकणारच नाही. त्याच एडिशनच्या डीएम गाइडमध्ये एक्सपी न मोजता सेशनवर लेव्हल द्यायचीही सोय आहे: पहिल्या सेशननंतर 2, दुसऱ्यानंतर 3, अजून दोन झाले की 4, पुढे दर दोन-तीन सेशनला एक. त्या मापाने तुम्ही एव्हाना 5 ला असायला हवे होतात.

पण म्हणून घाईघाईत वाटत पण सुटू नका. मी एकदा ते केलंय, दर सेशनला लेव्हल, सगळे खूश होतील म्हणून. आमच्या विझार्डला, म्हणजे जादूगार खेळणाऱ्याला, 5 ला फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा स्पेल मिळाला, आठ डाइस उचलून फेकायचा म्हणून बिचाऱ्याने आठवडाभर आधी वेगळे काढून ठेवलेले, आणि त्या सेशनला नेमकी एकही लढाई झाली नाही, पुढच्या वेळी लेव्हल 6, मग 7, नवीन स्पेल निवडण्यातच अर्धा तास. त्याचं कॅरेक्टर शीट खोडून खोडून हिट पॉइंट्सच्या (कॅरेक्टर किती मार झेलेल तो आकडा) जागी फाटलं होतं. फायरबॉल पहिल्यांदा पडला तो लेव्हल 7 ला, तोपर्यंत त्यातली मजा गेलेली.

माझं मत विचाराल तर 1 आणि 2 झटपट उरकायच्या, तिथे एका वाईट रोलवर कॅरेक्टर मरतं आणि बहुतेक क्लासना (फायटर, विझार्ड असे कॅरेक्टरचे प्रकार) सबक्लासही, म्हणजे त्यातली खास शाखा, 3 ला मिळतो. खरा ब्रेक 5 नंतर लावा. 5 ला फायटरला दुसरा अटॅक येतो, विझार्ड आणि क्लेरिकला (देवाच्या शक्तीने जादू करणारा) तिसऱ्या लेव्हलचे स्पेल (स्पेलच्या लेव्हल कॅरेक्टरच्या लेव्हलपेक्षा वेगळ्या मोजतात), पार्टी, म्हणजे सगळ्यांचा गट, अचानक डबल ताकदीची होते, ते त्यांना वापरू द्या, निदान तीन-चार सेशन. नवीन ताकद प्रत्येकाने दोन-तीनदा तरी वापरली का, एवढं बघायचं. वापरली नसेल तर पुढची लेव्हल थांबू शकते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या सेशनच्या शेवटी 4 द्या, कारण न सांगता. आणि एक्सपी मोजायला आवडत असेल तर मोजाच, फक्त गॉब्लिनांना बोलून परत पाठवलं तरी मारल्याइतकेच द्या.

प्रश्न: एक मित्र सारखा गैरहजर असतो. त्याला लेव्हल द्यायची का? बाकीचे म्हणतात नको, आम्ही मेहनत केली.

उत्तर: द्या. पूर्वी प्रत्येक क्लासचा तक्ताच वेगळा असायचा, थीफ 1,250 ला लेव्हल 2 आणि विझार्ड 2,500 ला, त्यामुळे एकाच टेबलावर मागेपुढे असणं कोणाला खटकायचं नाही. तिसऱ्या एडिशनने, 2000 साली, सगळ्यांना एकच तक्ता दिला आणि तेव्हापासून बरोबरीची सवय लागली. आज 5 च्या पार्टीत एकटा 4 ठेवलात तर तो एकदा तलवार मारणार आणि शेजारचा दोनदा, दर राउंडला, रात्रभर. मग तो उरलेल्या सेशनलाही येणार नाही.