वाचकांचे प्रश्न : मे महिन्याचा हिशोब

मागच्या अंकात मी टोनी फोर्डवर चार ओळी लिहिल्या होत्या. इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनांमध्ये अख्खं आयुष्य काढलेला राइट साइडचा मिडफिल्डर, नंतर बॅक, नऊ क्लब, लीगच्या ९३१ मॅच. मला वाटलेलं आपल्याकडे हे कोण वाचतंय, तर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट आल्या आणि एका काकांनी मला बाजारात बांगडे घेताना गाठून विचारलं की हा माणूस एवढा खेळला तर आम्ही नाव कसं नाही ऐकलं. म्हणून या वेळचा सगळा कॉलम ह्यालाच. क्रिकेटवाल्यांनी रागावू नये, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो.

प्रश्न : नऊ क्लब म्हणजे कुठेच जमलं नाही असाच अर्थ ना? चांगला प्लेअर एका क्लबला टिकतो. (एक वाचक, चिपळूण)

टिकतो तो वेगळा आणि फिरतो तो वेगळा, पण फिरणारा वाईट असं काही नाही हो. इंग्लंडमध्ये वरचे चार डिव्हिजन मिळून ९२ क्लब, प्रीमियर लीगचे २०, मग चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू चे २४-२४, आणि त्याखाली नॅशनल लीगपासून पार गावच्या टीमपर्यंत जिना उतरत जातो. टीव्हीवर आपण बघतो ते वरचे २०. बाकीच्यांना पण दर शनिवारी अकरा माणसं लागतातच.

फोर्डचं बघा. १९७५ ला वयाच्या सोळाव्या वर्षी ग्रिम्सबी टाउनकडून पहिली मॅच खेळला आणि थांबला २००१ ला, रॉचडेलला, तेव्हा वय ४२. मध्ये स्टोक, वेस्ट ब्रॉम, परत ग्रिम्सबी, स्कनथॉर्प, बॅरो, मॅन्सफील्ड, आणि थोडे दिवस लोनवर, म्हणजे उसना, संडरलँड नि ब्रॅडफर्ड. गोलकीपर सोडले तर इंग्लिश लीगमध्ये एवढ्या मॅच कोणी खेळलेलं नाही. ज्याचं कुठेच जमत नाही त्याला २६ वर्षं लोक पगार देतील का, तुम्हीच सांगा.

अशा प्लेअरला तिकडे जर्नीमन म्हणतात आणि सगळ्यांना वाटतं जर्नी म्हणजे प्रवास, गावोगाव फिरतो म्हणून जर्नीमन. तसं नाहीये, त्या शब्दात जुना फ्रेंच 'दिवस' आहे. शिकाऊपण संपलेला, हातात कसब आलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर. म्हणजे आपल्याकडचा चिरे बसवणारा गवंडी. ह्या वर्षी एका गावात, पुढच्या वर्षी दुसऱ्या, आणि भिंत मात्र सगळीकडे ओळंब्यात.

प्रश्न : ग्रिम्सबी हे माशांचं बंदर ना? तिथल्या फुटबॉलबद्दल अजून लिहा. (हर्णै)

हा प्रश्न हर्णैवरूनच यायला पाहिजे होता. हो, माशांचंच बंदर, एके काळी जगातलं सगळ्यात मोठं म्हणवून घ्यायचं. क्लबचं टोपणनावच मरिनर्स, म्हणजे दर्यावर्दी. १९८९ ला कपमध्ये टीम चांगली चालली तेव्हा पब्लिक हवा भरलेले प्लास्टिकचे हॅडॉक मासे नाचवायचं, फोटो बघा कधी, हसून हसून पुरेवाट होईल. आणि गंमत म्हणजे त्यांचं ग्राउंड ब्लंडेल पार्क हे ग्रिम्सबीत नाहीच, बाजूच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, त्यामुळे ही टीम होम मॅच पण बाहेरगावीच खेळते असा तिकडचा जुना जोक आहे.

मी स्वतः ते ग्राउंड बघितलंय. वीसेक वर्षांपूर्वी जहाजावर फिटर होतो, ग्रिम्सबीच्या बाजूलाच इमिंगहॅम बंदर आहे तिथे आमचं जहाज लागलं, मंगळवारची रात्र, मी आणि आमचा एक केरळी मोटरमन टॅक्सी करून मॅचला गेलो. थंडी अशी की चहाचा कप धरलेली बोटं पण कळत नव्हती. स्टँडमध्ये वर जाऊन बसलं की समोरच्या स्टँडमागे हंबर नदीचं मुख आणि त्यात उभ्या जहाजांचे दिवे, म्हणजे ड्युटी संपवून आलो तरी समोर परत तेच. होम टीमचा आठ नंबर होता, टक्कल पडायला लागलेला, बत्तीस-तेहतीसचा असेल. गोल नाही, पास देऊन टाळ्या घेतल्यात असं पण काही नाही. पण मी इंजिनरूमचा माणूस, मला दिसलं ते वेगळंच. त्याचा लेफ्ट बॅक पुढे पळाला की हा न बघता त्याच्या जागेवर जाऊन उभा राहायचा. दर वेळी. पंपाच्या आवाजावरून कळतं ना कुठला बेअरिंग जातोय, तसं. मॅचनंतर आम्ही टॅक्सीची वाट बघत उभे तर हा साहेब स्वतःची बॅग खांद्यावर टाकून आला, एक साधी गाडी, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची, ती बाजूला सरकवून त्याने बॅग आत कोंबली, आमच्याकडे बघून हात केला आणि गेला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

आता मासेमारीचं. फोर्ड पहिली मॅच खेळला ते १९७५ साल, आणि त्याच हिवाळ्यात आइसलँड आणि ब्रिटनचं कॉड माशावरून तिसरं भांडण, 'कॉड युद्ध', चालू होतं. आइसलँडने २०० मैलांची हद्द जाहीर केली, त्यांची गस्तीची जहाजं ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांच्या तारा कापायची, आणि १९७६ ला ब्रिटनने माघार घेतली. लांब पाण्यात जाणारे ग्रिम्सबीचे ट्रॉलर त्यानंतर बसले ते बसलेच. पर्ससीन जाळी नि एलईडी दिव्यांच्या मासेमारीची भांडणं रोज बघणाऱ्या तुम्हाला हे मी काय वेगळं सांगू. अशा गावात सोळा वर्षांच्या पोराला फुटबॉलचा पगार म्हणजे काय असेल याचा विचार करा.

प्रश्न : ह्या लोकांचं काँट्रॅक्ट कसं असतं? एवढे क्लब बदलतात तर सोडून जायला पैसे भरावे लागतात का? आमच्या घरच्या दोन बोटी आहेत त्यामुळे हिशोबाची सवय आहे! (एक वाचक ताई, रत्नागिरी)

ताई, मग तुम्हाला एका वाक्यात कळेल, हे खलाशासारखंच आहे आणि कॅलेंडर पण जवळपास तेच. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी, ऑगस्टला बोटी बाहेर. तिकडे पण सीझन ऑगस्टला चालू, मेमध्ये संपतो, आणि काँट्रॅक्ट साधारण ३० जूनला. मे महिन्यात क्लब एक लिस्ट काढतो, कोणाला ठेवलं, कोणाला नवीन ऑफर, कोणाला नारळ. लीग टू मधल्या तिशीतल्या मिडफिल्डरला बहुतेक वेळा एकच वर्षाचा करार मिळतो, म्हणजे दर मे महिन्यात त्याच्या घरात तेच टेन्शन, पोरांची शाळा बदलायची का, घरभाडं परत भरायचं का. कधी करारात अशी अट असते की इतक्या मॅच खेळलास तर पुढचं वर्ष आपोआप पक्कं. मग मार्च-एप्रिलमध्ये फिट असलेला माणूस अचानक बेंचवर दिसायला लागला की बघणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते. करार संपला की तो मोकळा, कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. फक्त इथे उचल घेऊन पळून जायची सोय नाही!

पण हे आत्ता. पूर्वी फार वाईट होतं. १९६१ पर्यंत पगारावर कायद्याने नाही पण लीगच्या नियमाने मर्यादा होती, आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड, मग तुम्ही कितीही भारी खेळा. त्यात करार संपला तरी क्लब तुमचं रजिस्ट्रेशन दाबून ठेवायचा. म्हणजे मालक हिशोब पण देत नाही आणि दुसऱ्या बोटीवर चढू पण देत नाही. न्यूकासलचा जॉर्ज ईस्टहॅम होता, त्याने १९६० ला सरळ खेळणंच बंद केलं, काही महिने बुचं विकायची नोकरी केली, हो बाटलीची बुचं असतात त्याचंच लाकूड, शेवटी क्लबने त्याला आर्सेनलला सोडलं. तरी त्याने क्लबवर टाकलेली केस मागे घेतली नाही आणि १९६३ ला कोर्ट म्हणालं की ही पद्धत चुकीची आहे. त्याच्या मागे प्लेअरांची युनियन उभी होती, पीएफए, १९०७ पासूनची. मग १९९५ ला बोसमन नावाच्या बेल्जियन प्लेअरच्या केसचा निकाल आला, करार संपला की पैसे न भरता जाता येतं असा, नि पुढचं दार उघडलं. स्टार लोकांनी त्यात करोडो कमावले हे सगळ्यांना माहितीये, पण खालच्या मिडफिल्डरला त्यातून मिळालं ते फक्त जाण्याचं स्वातंत्र्य. आणि ठेवून घेणारा कोणी नसला तर ते स्वातंत्र्य पण घरी बसूनच भोगायचं.

प्रश्न : लोअर लीगचा मिडफिल्डर नेमकं करतो काय? बॉल तर डोक्यावरूनच जात असतो. (कॉलेज विद्यार्थी, कुडाळ)

हाहा, बरोबर पकडलंस. पण डोक्यावरून गेलेला बॉल कुठेतरी पडतो ना, तो पडल्यावर पहिला पाय कोणाचा, त्याला सेकंड बॉल म्हणतात आणि त्याचीच ही नोकरी. सीझनला लीगच्या ४६ मॅच, वर कप वेगळे. शनिवारी खेळायचं, मंगळवारी रात्री परत खेळायचं, आणि कार्लाइलहून प्लिमथला जायचं तर सहाशे किलोमीटरच्या वर बस, म्हणजे तुझं कुडाळ ते मुंबई नि वर थोडं. त्यात पिवळ्या कार्डांचा हिशोब, पहिल्या १९ लीग मॅचमध्ये ५ झाली की एक मॅच बाहेर. समोरचा काउंटर अ‍ॅटॅकवर सुटला की शर्ट ओढायचा कोणी, तर ह्यानेच. मुरलेला गडी कार्ड पण खर्चासारखी वापरतो, एकदम नाही, पुरवून पुरवून.

प्रश्न : भारतातलं कोणी खेळलंय का तिथे खालच्या लीगमध्ये? (सावंतवाडी)

बायचुंग भुतिया! १९९९ ला तो बरी नावाच्या क्लबला गेला, मँचेस्टरच्या जवळ, तेव्हा वरून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. २००२ पर्यंत होता, दुखापतीमुळे म्हणावं तेवढं खेळता आलं नाही, लीगच्या ३७ मॅच आणि ३ गोल. तो स्ट्रायकर, पण दिवस त्याने जर्नीमनचेच काढले. बरी म्हणजे साधासुधा क्लब नव्हे, १९०० आणि १९०३ ला एफए कप जिंकलेला. आणि त्यांचं काय झालं बघा, २०१९ ला प्रमोशन मिळवून लीग वनला आले आणि त्याच ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळापायी लीगमधून बाहेर काढले गेले. मालक बुडाला की बोट कितीही चांगली असू दे, खलाशी धक्क्यावरच.

उलट्या बाजूने आलेला पण एक सांगतो, अ‍ॅडम ले फॉन्ड्रे. स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम करत करत रेडिंगकडून प्रीमियर लीगपर्यंत पोचलेला फॉरवर्ड, २०२०-२१ ला मुंबई सिटीकडून खेळला आणि आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकून गेला. कोरोनामुळे तो सगळा सीझन गोव्यात झाला, तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि आपल्याला आत सोडत नव्हते. ते दुःख मला अजून आहे.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, सेंटर मिडफिल्ड खेळतो. इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये ट्रायलला गेलो तर घेतील का? (दापोली)

खोटं कशाला बोलू, व्हिसालाच अडेल. तिकडे परदेशी प्लेअरला पॉइंट लागतात, तुमचा देश, तुमची लीग किती वरची, तुम्ही किती मिनिटं खेळलात यावर मोजतात, आणि आपला देश रँकिंगमध्ये फार मागे. २०२३ पासून लीग वन आणि टू च्या क्लबना पॉइंट कमी पडणारे दोन-दोन प्लेअर घ्यायची मुभा आहे, पण त्यातसुद्धा तू कुठेतरी मोठं खेळलेला लागतोस. तेव्हा 'युके ट्रायल'च्या नावाखाली पैसे मागणारे एजंट इन्स्टावर भेटतात त्यांना एक रुपया देऊ नकोस. आमच्या ओळखीतल्या एका पोराच्या वडिलांनी आंब्याच्या सीझनचे सगळे पैसे असे घालवलेत. मुंबई किंवा गोवा, तिथली लीग, आधी तिथे दोन सीझन काढ.

प्रश्न : भाऊनू, माझो झील गोंयात खेळता, मिडफिल्डाक. तीन वर्सात तीन क्लब बदलल्यान. वाडीत लोक म्हणतत ह्येका खंयच कोण ठेवन घेणत नाय. माका रात्री झोप लागणा नाय. (एक आवस, वेंगुर्ला)

वयनी, वाडीतल्यांका सांगा, दशावतारात चांगलो राजपार्टी पण ह्या वर्षी एका कंपनीत नि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असता, तेव्हा कोण काय बोलणत नाय, उलट रात्रभर जागून बघूक जातत.

आता नीट सांगतो. तीन क्लब बदलले हे वाईट नाही, तीन क्लबनी बोलावलं हे बघा. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. त्याच्याकडे कराराचा कागद आहे का? तोंडी नको. तारीख कुठपर्यंत आहे, पगार किती, गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे लिहिलेलं पाहिजे, आणि फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीमवर त्याचं रजिस्ट्रेशन कुठल्या क्लबच्या नावावर दिसतंय ते त्याला मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा. जुना क्लब सोडतानाचा कागद पण जपून ठेवायचा, लाइट बिलाच्या फायलीत नाही, वेगळा. आणि दहावी-बारावीनंतर त्याने काय सोडलं असेल ते परत चालू करता येतं का बघा, दुपारनंतर तो मोकळाच असतो.

मी पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराक येतलंय. त्या दिवशी दुलेर स्टेडियमात त्येची मॅच असली तर माका कळवा. त्येचो नंबर काय ता पण लिवा, म्हणजे शोधूक नको.