स्पिन कोटिंगच्या फिल्मवर रेघा का येतात?

प्रश्न: एम.एससी.च्या प्रोजेक्टसाठी आम्ही पॉलिस्टायरीन हा पॉलिमर (प्लास्टिक) टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रावकात, विरघळवून काचेच्या स्लाइडवर स्पिन कोट करतोय, म्हणजे स्लाइड वेगाने फिरवून द्रावाचा पातळ थर (फिल्म) पसरवतोय. मधून कडेकडे जाणाऱ्या रेघा येतात, काही ठिकाणी शेपटीवाले डाग असतात, आणि पावसाळा लागल्यापासून फिल्म दुधाळच दिसते. आरपीएम (मिनिटाला फेरे) १००० चा ४००० केला तर उलट वाढलंच. मशीन बिघडलंय का?

उत्तर: मशीनला दोष देऊ नका, आणि आरपीएमच्या मागेही लागू नका. आरपीएमने मुख्यतः जाडी ठरते, वेग चौपट केला की जाडी साधारण निम्मी होते, पण वेगासोबत सॉल्व्हंटही जास्त पटकन उडतो आणि तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. टीएचएफ ६६ अंशांनाच उकळतो, उडताना उष्णता घेऊन जातो, फिल्मचा वरचा थर गार पडतो आणि पावसाळी हवेतलं बाष्प त्यावर जमतं. टीएचएफ पाण्यात मिसळतो पण पॉलिस्टायरीनला पाणी अजिबात चालत नाही, ते वेगळं पडतं, बारीक भोकं राहतात आणि तिथे प्रकाश विखुरला की फिल्म दुधाळ दिसते.

रेघाही त्याच घाईने येतात. वरचा थर आधी सुकून पॉलिमरने दाट होतो, त्याचा पृष्ठताण खालच्या पातळ द्रावापेक्षा जास्त असतो, त्यामुळे जिथे जरा जास्त सुकलं तिथे आजूबाजूचा द्राव ओढला जातो आणि उंचवटे तयार होतात. द्राव बाहेर फेकला जात असतो म्हणून ते कडेच्या दिशेने लांबतात आणि सुकले की तसेच राहतात.

म्हणून आधी सॉल्व्हंट बदला. टोल्युइन ११० अंशांच्या आसपास उकळतो, पाण्यात जवळपास मिसळत नाही, पॉलिस्टायरीनला छान चालतो, फक्त काम फ्यूम हूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. कोटरला झाकण असेल तर लावा, आत सॉल्व्हंटची वाफ राहते. खोलीत डीह्युमिडिफायर मिळाला तर फारच उत्तम.

शेपटीवाल्या डागांचं कारण मात्र वेगळंच आहे, तो कचरा. मायक्रोस्कोपखाली शेपटीचं मधल्या बाजूचं टोक बघा, तिथे बहुतेक एखादा कण अडकलेला दिसेल आणि त्याच्या आडोशाने द्राव फाटून बाहेर गेलेला असेल. द्राव ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) सिरिंज फिल्टरमधून थेट स्लाइडवर सोडा, तरी डाग आले तर स्लाइडच अस्वच्छ आहे असं धरा आणि धुण्याची पद्धत सुधारा.

आणि हो, सॉल्व्हंट बदलला की जाडीही बदलते, तेव्हा जुन्या रीडिंगवर विसंबू नका, पुन्हा मोजा.