गालाचं हाड वाकडं जुळलंय? आधी डोळ्याचा हिशेब बघा

तुमची हकीकत अशी आहे: पाच वर्षांपूर्वी बाईकवरून पडलात, सुजेमुळे गालाकडे कुणी नीट पाहिलं नाही, सूज उतरल्यावर डावा गाल बसलेला दिसला. वरचा ओठ अजून बधिर आहे आणि फोटोत डावा डोळा किंचित खाली वाटतो. एक सर्जन म्हणतात इम्प्लांट घालू, दुसरे म्हणतात हाड पुन्हा तोडून जागेवर आणू. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघं बहुतेक वेगवेगळी गोष्ट दुरुस्त करायला निघालेत. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलेला माणूस आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

२००९ साली गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने होते. चढाई करून मध्यरेषेकडे वळलो तोवर घोट्याला पकड बसली, मी तोंडघशी पडलो आणि वरून येणाऱ्याचा गुडघा उजव्या गालावर. तालुक्याला एक्स-रे काढला. "मुका मार आहे, शेकत राहा," एवढं ऐकून घरी आलो. बारा-पंधरा दिवसांनी दाढी करताना लक्षात आलं की रेझर गालावरून फिरतोय हे आरशात दिसतंय, पण कळत नाहीये. तोवर हाड धरायला लागलं होतं. मोडल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत हे हाड सहज उचलून बसवता येतं. गिलिज नावाच्या सर्जनने १९२७ साली दाखवलेली रीत आजही वापरतात: कानशिलावर केसांत छोटी चीर द्यायची, आतून पट्टी सरकवायची आणि हाड वर उचलायचं. तुमच्या-माझ्यासारख्या जुन्या केसमध्ये ती चालत नाही. हाड चुकीच्या जागी पक्कं जुळलेलं असतं, ओढून काय हलणार?

माझी शस्त्रक्रिया २०१६ मध्ये झाली, म्हणजे सात वर्षांनी. पाच वर्षं उशीर झाला म्हणून घाबरू नका, पण उशिराची किंमत असते. ती पुढे सांगतो.

आता मूळ मुद्दा. गालाचं हाड म्हणजे नुसता गालाचा उंचवटा नव्हे. ते चार ठिकाणी जोडलेलं असतं: भुवईच्या टोकाला कपाळाच्या हाडाशी, खाली वरच्या जबड्याशी, कानाकडे जाणाऱ्या कमानीत आणि आत खोल डोळ्याच्या खोबणीत. खोबणीच्या बाहेरच्या भिंतीचा पुढचा भाग आणि तळाचा थोडा भाग याच हाडाचा. डोळ्याचा बाहेरचा कोपरा ज्या बारीक बंधाने बांधलेला असतो, तो बंधही याच हाडाला. त्यामुळे हाड मागे-खाली सरकलं की खोबणी मोठी होते आणि डोळा आत आणि खाली बसतो. ठोकताळा असा की खोबणीत एक मिली जागा वाढली तर डोळा जवळपास एक मिलिमीटर आत जातो. दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की समोरच्याला "काहीतरी वेगळं" दिसायला लागतं, काय ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून इम्प्लांट की हाड तोडायचं, हे गालावरून ठरत नाही, डोळ्यावरून ठरतं. डोळा जागेवर असेल आणि फक्त गाल चपटा असेल, तर हाड आहे तिथे राहू द्यायचं आणि वरून भर घालायची. डोळाच सरकलेला असेल तर गालावर कितीही भर घाला, गाल गोल होईल आणि डोळा आणखी खोल दिसेल.

गाल किती मागे गेलाय, ही तपासणी घरीही ढोबळमानाने करता येते. माझ्या सर्जननी मला खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभे राहिले, दोन्ही तर्जन्या माझ्या दोन्ही गालांच्या उंचवट्यावर टेकवल्या आणि माझ्या कपाळावरून खाली पाहिलं. मग बायकोला बोलावून म्हणाले, "या, तुम्हीच बघा." उजवं बोट डाव्यापेक्षा पाव इंच तरी मागे होतं. सात वर्षं रोज माझं तोंड बघणारी बाई, तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा.

पण डोळ्याच्या मापात एक मेख आहे. डोळा किती आत गेलाय हे मोजायला हर्टेलचं यंत्र वापरतात आणि ते डोळ्यांच्या बाहेरच्या हाडांवर टेकवतात. तुमचं तेच हाड मागे सरकलेलं असेल तर यंत्राचा पायाच चुकला, आकडा खरा येणार नाही. माझ्या वेळी पहिल्या ठिकाणी "डोळ्यात फरक नाही" असा शेरा मिळाला तो असाच. खरं माप सीटी स्कॅनवर निघतं. चेहऱ्याचा सीटी करा, काप एक मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ हवेत, आणि नुसती फिल्म घेऊन येऊ नका. सीडीवर डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं, मागून घ्या. पुढचं सगळं नियोजन त्या फाइलवर होतं; ती नसली की स्कॅन पुन्हा काढायला लावतात. अपघाताआधीचे फोटोही शोधून ठेवा. माझा लायसन्सवरचा फोटो कामी आला.

हाड तोडून बसवणं म्हणजे नक्की काय, ते सांगतो. पूर्ण भूल. चेहऱ्यावर मोठी चीर सहसा देत नाहीत: वरच्या हिरडीच्या वर तोंडातून, खालच्या पापणीच्या आतून आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाशी किंवा वरच्या पापणीच्या घडीत. कमान फारच वाकडी असेल तर केसांतून कानापासून वर लांब चीर द्यावी लागते, ती केसांत लपते. टक्कल असलेल्यांनी हा विषय आधीच काढावा. हाड करवतीने जुळल्या रेषांवर कापतात, सुटं करतात, नव्या जागी आणतात आणि टायटॅनियमच्या बारीक प्लेटा-स्क्रूंनी धरतात. कठीण भाग कापण्याचा नाही, "नवी जागा" नेमकी कुठली हे ठरवण्याचा. ताज्या मोडीत तुकडे एकमेकांत चपखल बसतात. जुन्यात कडा झिजलेल्या, नवीन हाड भरलेलं, कशाला काही जुळत नाही. म्हणून संगणकावर चांगल्या बाजूचा आरसा करून वाईट बाजूवर ठेवतात आणि त्यावरून कापायचे साचे छापून घेतात. सरकवल्यावर फटी राहिल्या तर कवटीचं किंवा कमरेचं हाड घेऊन भरतात. खोबणीचा तळ खचलेला असेल तर टायटॅनियमची जाळी घालतात. त्यात अनुभव नसलेल्या हाताने शिरू नये, कारण दृष्टीची नस तिथून लांब नाही.

त्या रात्री दर तासाला सिस्टर टॉर्च घेऊन यायची, पापणी उघडायची आणि विचारायची, "किती बोटं?" पहाटे तीनला मी वैतागून "मोजून सांगतो, आधी झोपू द्या" म्हणालो. सकाळी सर्जननी समजावलं की डोळ्यामागे रक्त साचलं तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर हातात वेळ फार थोडा असतो. घरी आल्यावरही डोळा ठणकून दुखला किंवा अंधुक झालं तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, नाहीतर सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरते. सर्दी झाली तर नाक नुसतं पुसायचं. मला नेमकी सर्दी झाली होती.

भर घालायच्या पर्यायांत शिंप्याने मापाचा कपडा शिवावा तसं सीटीवरून बनवलेलं पीक नावाच्या टणक प्लॅस्टिकचं इम्प्लांट मला सगळ्यांत सरळ वाटतं. स्क्रूने बसतं, सरकत नाही. पण बिलात त्याची ओळ वेगळी असते, ती आधी विचारा. मेडपोर हे दुसऱ्या एका प्लॅस्टिकचं इम्प्लांट सच्छिद्र असतं, त्यात शरीराची ऊती शिरते, त्यामुळे छान धरतं आणि त्याच कारणाने काढायची वेळ आली तर जड जातं. तोंडातून घातलेल्या कुठल्याही इम्प्लांटला जंतुसंसर्गाची भीती असते. स्वतःची चरबी टोचून घेणं हलक्या खोलगटपणाला ठीक, मात्र बरीचशी विरघळते, एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. फिलरबद्दल, म्हणजे सुईने टोचायच्या जेलबद्दल, माझं मत स्पष्ट आहे: हाडाचं माप निघेपर्यंत भरून घेऊ नका, आजार झाकला जातो.

तुम्ही तोंड उघडण्याबद्दल काही लिहिलं नाहीत. तीन बोटं उभी जातात का बघा. ओपीडीत मला साताऱ्याकडच्या एक बाई भेटल्या होत्या, स्कूटीवरून पडलेल्या. त्यांचा गाल फारसा बसलेला नव्हता, पण कमान आत दबून खालच्या जबड्याच्या टोकाला अडत होती, भाकरीचा घास जाईना. त्यांचं हाड न हलवता तोंडातून ते टोकच काढलं आणि मग आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून रोज एकेक वाढवायचा व्यायाम दिला.

तुम्हाला दोन-दोन दिसत असेल तर क्रम पाळा: आधी हाड, मग डोळ्याचे स्नायू, मग पापणी, शेवटी चरबी. उलटं केलं तर आधीचं काम वाया जातं. चेहरा-जबड्याचे सर्जन आणि डोळ्याच्या खोबणीचं काम करणारे नेत्रतज्ज्ञ, दोघांनी एकत्र बघावं. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे चेहरा-जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे. मेडिक्लेमवाले "कॉस्मेटिक" म्हणून हात वर करायला बघतात. पॉलिसीतलं ते कलम नीट वाचा, अपघातानंतरच्या पुनर्रचनेला त्यात अपवाद असतो. अपघाताचे जुने कागद आणि डोळ्याच्या तपासणीचा लेखी अहवाल हाताशी ठेवा.

उशिराची किंमत म्हणालो, ती ही. हाड जागेवर येतं, पण वरची कातडी आणि चरबी इतकी वर्षं बसलेल्या हाडावर आक्रसलेली असते. खोबणीतली चरबीही चिकटलेली असते, त्यामुळे डोळा पूर्ण बाहेर येईलच असं नाही. माझा गाल आज जवळपास सारखा आहे. डोळ्यात किंचित फरक उरलाय, चष्म्यात लपतो. "शंभर टक्के करून देतो" म्हणणाऱ्या सर्जनकडून मी उठून आलो होतो.

बधिरपणाचं वेगळं आहे. डोळ्याखालून येणारी नस मोडीत चेंगरते. हाड तिच्यावर दाबून बसलं असेल तर सोडवता येतं, पण इतक्या वर्षांनी ती जागी होईलच याची हमी कुणी देत नाही. माझ्या गालावर शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा महिन्यांनी मुंग्या यायला लागल्या, मग थोडं गार-गरम कळू लागलं. वरचा ओठ तसाच राहिला. चहा मी अजूनही डाव्या बाजूनेच पितो, कारण उजवीकडून तो किती गरम आहे हे जिभेला लागल्यावरच कळतं.